सान रोकेचा हिरवा चौकोन

लांदी कनुलचं नाव काढलं की सान रोके वस्तीतल्या बायका आधी परसातल्या बादल्या पालथ्या करतात आणि मग विचारतात, काय झालं. त्यात बायकांची चूक नाही. डास खात्याची निळी टोपी, खांद्याला झोळी, हातात विजेरी आणि अखंड चालणारं तोंड एवढ्या भांडवलावर लांदीने वीसेक वर्षं त्या वस्तीवर राज्य केलं. करवंटी, फुटका रांजण, टर्कींना पाणी ठेवायचा अर्धा टायर, काहीही दिसलं की ती आधी ओतायची आणि मग बोलायची. म्हाताऱ्या त्रान्सितोने मेलेल्या बायकोच्या फोटोपुढे पेल्यात फुलं ठेवली होती, तर तो पेलाही तिने फुलांसकट परसात उपडा केला. म्हातारा महिनाभर तिच्याशी बोलला नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही.

"मेलेल्यांना पाणी लागत नाही, डासांना लागतं," ती मला म्हणाली होती. हे वाक्य मी विसरलेलो नाही.

मी रुसेल पूत. त्याच खात्यात धुराचा ट्रक चालवतो. लांदीच्या मुलीचा मी बाप्तिस्म्याचा बाप, म्हणून लांदी मला कोंपाद्रे म्हणते आणि रागावली की नुसतं रुसेल. ज्या पावसाळ्याची ही गोष्ट, त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तो नेमका कुणावर काढावा हे कळत नाही, ही त्यातली सगळ्यात वैतागाची गोष्ट आहे.

लांदीने नवऱ्यामागे मुलगी एकटीने वाढवली, ती आता कान्कूनला हॉटेलात आहे. लांदी स्वतः राहायची चर्चच्या मागे, आणि तिची आई बासिलिया, जिला सगळे मानाने दोन्या म्हणत, सान रोकेतच जुन्या घरी एकटी. म्हातारी म्हणजे स्वच्छतेचा कहर. दुपारी आंघोळ करून, मानेला पावडर लावून, पांढराशुभ्र उइपील, म्हणजे भरतकामाचा सैल झगा, घालून ती झुलत्या जाळीत बसायची, आणि समोरून जाणाऱ्याच्या चपलांकडे बघायची. तिच्या घरात शिरताना मी ट्रकसुद्धा पुसून घ्यावा असं मला वाटायचं. लांदीला ओतायची सवय कुठून लागली हे कुणाला वेगळं सांगायला नको.

मग त्या वर्षी काळे डबे आले.

साधा काळा प्लॅस्टिकचा डबा, अर्धा पाण्याने भरलेला, आणि आतून कडेला लावलेली पांढऱ्या कापडाची पट्टी. डासाची मादी येते आणि पाण्याच्या रेषेपाशी पट्टीला अंडी चिकटवते. दर सोमवारी लांदीने घरोघरच्या पट्ट्या काढून आणायच्या, नव्या लावायच्या, आणि ऑफिसात मेरिदा शहरातून आलेल्या इव्हेत पाविया या तरुण बाईने भिंगाखाली अंडी मोजायची. त्या आकड्यांवरून कॉम्प्युटर गावाचा नकाशा रंगवायचा. जिथे अंडी फार तिथे लाल चौकोन, म्हणजे थोड्याच आठवड्यांत तिथे डेंगीचा ताप उसळणार, ट्रक तिकडे न्या. हिरवा चौकोन म्हणजे सध्या काळजी नाही. इतकी वर्षं आम्ही माणसं आजारी पडल्यावर धूर घेऊन धावत होतो. आता आधी पोचायचं होतं. मला ते मनापासून पटलं होतं, हेही सांगून ठेवतो.

लांदीचं काम मात्र उलटं झालं. जन्मभर पाणी ओतलेल्या बाईने आता घरोघर पाणी ठेवत फिरायचं. तिने ते केलं, पण तिच्या पद्धतीने. दारात उभी राहायची, डबा टेकवायची, म्हणायची, "याला हात लावायचा नाही. सोमवारी येते बघायला." आणि पुढच्या दारात. बघायला म्हणजे काय, कशाला, हे ऐकायला कुणी तिला थांबवलं नाही, कारण लांदीला थांबवायची सान रोकेत कुणाची छाती नव्हती.

पाऊस सुरू झाला. नकाशावर बाजाराजवळचा भाग लाल झाला, कत्तलखान्यामागचा झाला, स्टेशनकडचा झाला. सान रोके हिरवंगार. दर आठवड्याला शून्य. एखाद्या घरी चुकून चार अंडी निघाली तर निघाली.

लांदी हवेत तरंगायची. "बघितलंस, कोंपाद्रे? तुमच्या बाजारपेठेतल्या बायका नुसत्या नखं रंगवतात. माझ्या बायकांनी करून दाखवलं."

"तुझ्या बायका तुला घाबरतात."

"घाबरू देत. हिरवा आहे ना?"

हिरवा होता. मी रोज संध्याकाळी ट्रक घेऊन सान रोकेच्या तोंडावरून वळायचो आणि लालाकडे जायचो. दोन्या बासिलिया दारात खुर्ची टाकून बसलेली असायची, मला हात करायची. मीही करायचो.

इव्हेतला मात्र ते शून्य खुपत होतं. एका सोमवारी मी पाइप दुरुस्त करायला आत गेलो होतो, तेव्हा तिने विषय काढला.

"दोन्या लांदी, रागावू नका. पण पावसाळ्यात शून्य येत नाही."

"मेरिदात येत नसेल. माझ्या वस्तीत येतं."

"सान रोकेच्या तिन्ही बाजूंना लाल आहे. डास काय कोपऱ्यावरची पाटी वाचून मागे फिरतात?"

"म्हणजे मी खोटं आणते?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग कसं म्हटलं? नीट म्हणा. हा रुसेल साक्षीला आहे."

मला साक्षीला व्हायचं नव्हतं. इव्हेतने विषय सोडला, पण ऑफिसातली बाकीची तोंडं गप्प बसली नाहीत. लांदी म्हणे चौकातल्या झाडाखाली बसून कोऱ्या पट्ट्या पाण्यात बुडवते आणि आणून देते, म्हणे आता वय झालं, चालवत नाही. हे बोलणारे स्वतः दुपारी कुठे असतात ते मला माहीत आहे. लांदीच्या कानावर ते गेलंच. ती ट्रकमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली.

"एकही घर मी सोडलं नाही, कोंपाद्रे. गुडघा सुजला तेव्हाही नाही."

"माहीत आहे."

"ते खोटं ठरलं तर माझं नाव जाईल, जाऊ दे. पण ते खोटं असेल तर माझ्या वस्तीत ताप येतोय आणि आपण इथे बसलोय."

हे ती पहिल्यांदा बोलली. बोलल्यावर तिचं तिलाच ऐकू गेलं असावं, कारण मग ती लगेच उतरून गेली.

पुढच्या सोमवारी इव्हेतने आम्हा दोघांना आत बोलावलं. टेबलावर सान रोकेच्या पट्ट्या मांडल्या होत्या. सगळ्या पांढऱ्याशुभ्र. एक पट्टी तिने चिमट्यात धरून वर उचलली. पट्टीच्या सुटलेल्या कडेला बारीक दुमड घालून कुणीतरी लाल दोऱ्याने सुबक टाके घातले होते.

"हे शिवलंय कुणी?" इव्हेतने विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

लांदीने पट्टी हातात घेतली, उलटून मागची बाजू बघितली. मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ होती. ती खुर्चीवर बसली.

"माझ्या आईचा टाका आहे," ती म्हणाली.

आईच्या घरची पट्टी ती कधी स्वतः काढायचीच नाही. सोमवारी म्हातारीकडे डुकराचं मांस घातलेली घेवड्याची आमटी शिजलेली असायची, त्या दिवशी गावात घरोघर तीच असते. लांदी जेवायला बसायची, आणि म्हातारी पट्टी पिशवीत घालून, गाठ मारून तिच्या झोळीत ठेवायची. मुलीला तेवढीच मदत.

आम्ही तडक सान रोकेत गेलो. दोन्या बासिलिया जाळीत बसून वारा घेत होती.

"आई, ही पट्टी तू शिवलीस?"

"दोरे लोंबत होते. ऑफिसातले म्हणतील, लांदीच्या माहेरची चिंधी."

"आणि डबा? डबा धुतेस?"

"न धुता ठेवू?" म्हातारी जाळीतून उठून बसली. "दर रविवारी धुते. क्लोरीन घालून, ब्रशने घासून. पट्टीला साबण लावते, उन्हात टाकते, मग ताजं पाणी भरते. तू सोमवारी येणार आणि मी तुला घाण पाणी दाखवणार? रुसेल, बस ना, उभा का?"

"आई, त्यावरची अंडी मला हवी असतात."

"कसली अंडी?"

"डासांची."

म्हातारीने माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे. "वीस वर्षं लोकांच्या अंगावर ओरडलीस की एक अंडं दिसता कामा नये. त्रान्सितोची फुलं फेकलीस. आणि आता हवी झाली?"

लांदीने दोन्ही हात कपाळाला लावले. "बाकीच्या घरांचं काय? तिथेही शून्य येतं."

"येईलच. मी सांगितलंय सगळ्यांना. म्हटलं, माझी मुलगी नोकरीत आहे, ज्याच्या डब्यात अंडी सापडतील त्याच्यापायी तिला साहेबांची बोलणी बसतील. बायका चांगल्या आहेत, रविवारी सकाळी प्रार्थनेला जायच्या आधी धुतात. ती पलीकडची नेय्दी विसरते, तर तिचा मीच धुऊन येते."

तिच्या चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणारं हसू होतं. लांदीला ओरडायचं होतं, ते मला दिसत होतं, पण कुणावर ओरडणार? सगळ्या वस्तीने मिळून तिची नोकरी सांभाळली होती. इतकं प्रेम त्यांनी डबे यायच्या आधी दाखवलं असतं तर तिला परवडलं असतं.

त्या दिवसापासून लांदी दारोदार फिरून सांगू लागली की डबे धुवू नका. आणि इथे माझं डोकं खरं फिरलं. कारण कुणी ऐकेना. नेय्दी, जिला एरवी स्वतःचा डबा धुवायचीही आठवण नसायची, ती दारात उभी राहून डोळे बारीक करून म्हणाली, "दोन्या लांदी, ही पुन्हा परीक्षाच ना? कोण आळशी आहे ते बघायला?"

"परीक्षा नाही गं. पाणी घाण होऊ दे. डास येऊ दे."

"तुम्ही असं म्हणताय? तुम्ही?"

"मीच म्हणतेय."

"बरं," नेय्दी म्हणाली, आणि आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो नाही तोच मागे ब्रशचा आवाज यायला लागला.

ऑफिसात इव्हेतने सान रोकेचे जुने आकडे सगळे रद्द केले, तेच बरोबर होतं. पण त्यामुळे चौकोन हिरव्याचा झाला राखाडी. राखाडी म्हणजे माहिती नाही. आणि माहिती नाही तिथे ट्रक जात नाही. औषध लालासाठीच पुरत नव्हतं. इव्हेतने वरच्या ऑफिसात फोन केला, पुन्हा केला, रडकुंडीला येऊन केला. उत्तर एकच, दोन-तीन आठवड्यांचे खरे आकडे पाठवा, मग बघू. मी म्हटलं, मी जातो ना, रस्ता मला पाठ आहे. साहेब म्हणाले, रस्ता पाठ असून चालत नाही, नकाशात यावा लागतो. त्या दिवशी मी ट्रकच्या चाकाला लाथ मारली आणि पायाचं बोट सुजवून घेतलं. चाकाला काही झालं नाही.

राखाडी चौकोनात ताप शिरलाच. आधी नेय्दीचा नवरा पडला, मग बेकरीवाल्याच्या घरातले सगळे. मग दोन्या बासिलिया. तिने सांगितलंसुद्धा नाही. अंग मोडून आलंय, डोळ्यांमागे दुखतंय, एवढंच शेजारणीजवळ म्हणाली, तेही उठून अंगण झाडता झाडता. लांदीला कळलं तेव्हा तिने आईला आपल्या जाळीत आणून झोपवलं, पाणी पाजलं, कपाळावर ओली फडकी ठेवली. चार दिवसांनी ताप उतरला. म्हातारीने पावडर मागितली. आम्ही सुटकेचा श्वास टाकला, आम्ही, ज्यांनी गावभर पत्रकं वाटली होती की ताप उतरल्यावरच सांभाळा. त्याच रात्री पोट दुखायला लागलं आणि हिरड्यांतून रक्त आलं.

मेरिदाच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला ठेवलं. लांदी तिथेच जमिनीवर झोपायची. आठवडा उलटून गेल्यावर ती कपडे न्यायला आली, मी तिला सान रोकेत घेऊन गेलो. घर बंद होतं. तिने कपाटातून आईचा धुतलेला उइपील काढला, पावडरचा डबा घेतला, आणि मग, लांदीच ती, परसाचं दार उघडून लिंबाच्या झाडाखाली गेली.

डब्यातलं पाणी पिवळं झालं होतं. वर लिंबाचं पान तरंगत होतं. तिने पट्टी बाहेर काढली आणि उन्हात धरली. सगळ्या पट्टीवर मिरपूड सांडल्यासारखी अंडी होती, भिंगाची गरज नव्हती.

"धुवायला कुणी नव्हतं ना," लांदी म्हणाली.

ती तिथेच, ओल्या जमिनीवर बसून रडली. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण ती रडतानाही अंडी पुसली जाऊ नयेत म्हणून पट्टी नीट सपाट धरून बसली होती, आणि ते बघून मी पट्टीसाठी पिशवी आणायला आत गेलो.

ती पट्टी मी इव्हेतला नेऊन दिली. इव्हेतने ती घेऊन साहेबांचं दार वाजवलं, आत काय बोलली मला माहीत नाही, पण संध्याकाळी सान रोके लाल झालं. मी ट्रक घेऊन गेलो. दारं-खिडक्या उघड्या ठेवा म्हणून भोंग्यावरून ओरडत गेलो. बहुतेक दारांतून आत जाळीत कण्हणारं कुणीतरी दिसत होतं. दोन्या बासिलियाच्या घराचं कुलूप लांदीने मला किल्ली देऊन उघडायला सांगितलं होतं. मी उघडलं, रिकाम्या घरात धूर जाऊ दिला, आणि पुन्हा लावलं.

त्याच आठवड्यात म्हातारी गेली. सगळ्या वस्तीतून तीच एक. डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं. पुरायला नेलं तेव्हा त्रान्सितो फुलं घेऊन आला होता. ती त्याने ओल्या वाळूत खोचली होती, पाण्यात नाही. लांदीने बघितलं आणि त्याचा हात धरला.

त्यानंतर सान रोकेत कुणी डबा धुतला नाही. आता पटलं होतं सगळ्यांना. आता पटून काय करायचं होतं, असं मी म्हणणार होतो, पण लांदी सोमवारी पुन्हा झोळी घेऊन निघाली, तेव्हा मी गप्प बसलो. आकडे खरे येऊ लागले. इव्हेत तिला आता दारापर्यंत सोडायला यायची.

मग ऑक्टोबर संपला आणि हनाल पिशान आलं, गेलेल्यांनी घरी जेवायला यायचे दिवस. आमच्याकडे त्याआधी घर लख्ख करतात, कपडे धुऊन टाकतात, केर बाहेर काढतात. काम पडलेलं दिसलं तर आलेला जीव जेवत नाही, कामाला लागतो. पहिला दिवस गेलेल्या मुलांचा, दुसरा मोठ्या माणसांचा, आणि त्या वर्षी तो रविवारी होता. लांदीने आईचं घर उघडलं. मी जमिनीत खड्डा करून, केळीच्या पानात गुंडाळलेलं पिब, म्हणजे मक्याच्या पिठात भरलेली कोंबडी, भाजायला घातलं. ती दिवसभर घासत होती. चादरी, झुलती जाळी, चुलीच्या भिंती. टेबलावर भरतकाम केलेलं कापड, मेणबत्ती, गरम चॉकलेट, आणि पावडरचा डबा.

अंधार पडायच्या आधी मी तिला हाक मारायला गेलो, तर ती परसात लिंबाखाली उभी होती. पायाशी काळा डबा. पाणी पिवळं झालं होतं.

"लांदी, उद्या सोमवार आहे," मी म्हटलं. "त्याला हात लावू नकोस."

"माहीत आहे मला."

"सगळ्यांना तूच सांगत फिरलीस."

"कोंपाद्रे, ती येईल ना आज. तुला ती माहीत आहे. आधी परसात येईल. जेवण राहील बाजूला, चॉकलेट गार होईल, आणि ती इथे हा डबा घेऊन घासत बसेल."

मी विहिरीवरून बादली भरून आणली. लांदीने गुडघे टेकले, क्लोरीन ओतलं आणि ब्रशने घासायला लागली, आतून, बाहेरून, कडेच्या दुमडीतून. पट्टीला साबण लावून ती दोरीवर टाकली. डबा पुसून, रिकामा, पालथा ठेवला.

सोमवारी तिने ऑफिसात झोळी रिकामी केली आणि पट्ट्या मांडल्या. इव्हेतने मोजल्या, आकडे घातले, आणि एका घरापाशी थांबली.

"दोन्या बासिलियांकडची पट्टी नाही दिसत."

"नाही. डबा मी धुतला काल."

इव्हेतने तिच्याकडे बघितलं, मग कॉम्प्युटरकडे बघून आकडा घालायला बोट पुढे केलं.

"शून्य घालू नका," लांदी म्हणाली. "कोरं ठेवा."